पाचव्या कुलपाची किल्ली

मी, धंदा कायदा शिकवणे, वय ५३ वर्षे, राहणार न्यायालयामागची गल्ली, दुसरा मजला, म्हणजे तक्रारदार राहतात त्याच घरी, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, तक्रारदार हे माझे पती आहेत. तेही कायदाच शिकवतात, पण दुसऱ्या विद्यापीठात.

पूर्वी पाचही विधी विद्यापीठं आपापली प्रवेश परीक्षा घ्यायची. मुलं पाच अर्ज भरून पाच गावं हिंडायची, आणि दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या की एकीवर पाणी सोडायची. म्हणून सगळ्यांनी मिळून एकच परीक्षा ठेवली. दरवर्षी एकेका विद्यापीठाची पाळी. यंदा आमची, आणि समन्वयक मी. पण वकिली शिकवणारी माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतील तर शपथ! प्रत्येक केंद्रावरच्या प्रश्नपत्रिकांच्या पेटीला पाच कड्या आणि पाच कुलपं, प्रत्येक विद्यापीठाचं एक. पाच जण पाच किल्ल्या घेऊन आले तरच पेटी उघडायची.

आमच्या केंद्राची पेटी सगळ्यात आधी बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी बैठकीत जाहिरातीवरून वाजलं. नावांचा क्रम लावताना पतींच्या विद्यापीठाचं नाव तळाला गेलं. मी म्हटलं, "कुणीतरी तळाला येणारच." त्यांचे प्रतिनिधी हेच. त्यावर ते कागद गोळा करून उठले आणि त्यांचं विद्यापीठ सामायिक परीक्षेतून बाहेर पडलं. विद्यापीठ गेलं, किल्ली गेली, कुलूप तेवढं पेटीला लटकत राहिलं.

घरात अबोला. कुलपाचं ध्यानात आल्यावर मी कार्यालयातर्फे किल्ली मागणारं पत्र पाठवलं. "विषय विचाराधीन आहे" असं उत्तर आलं, खाली यांची सही. त्या संध्याकाळी आम्ही एकाच टेबलावर जेवलो. यांना मीठ हवं होतं, ते मुलीमार्फत मागितलं. मला वाटलं, परीक्षेच्या दिवशी तरी किल्ली धाडतील. एवढी वर्षं संसार केलाय, इतकं तर वाटणारच.

परीक्षेच्या सकाळी चार किल्ल्या आल्या, चार कुलपं निघाली. पाचवं तसंच. ही परीक्षा सगळ्या केंद्रांवर एकाच वेळी सुरू झाली पाहिजे. एक केंद्र मागे राहिलं तर सगळीकडची रद्द. मुलं पेनं उघडून बसली होती. इकडे चार प्रतिनिधींचा वाद सुरू, की बाहेर पडलेल्याचं कुलूप कायद्याने कुलूप राहतं का. एकाने कलम काढलं, दुसऱ्याने त्याच कलमाचा अपवाद काढला. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "हे गुऱ्हाळ मुलं घरी गेल्यावर घाला."

बाहेर सुतार बाकं दुरुस्त करत होता. त्याच्याकडून हातोडा घेतला. तो म्हणाला, "बाई, मी मारू का?" मी म्हटलं, "नको रे बाबा, उद्या खटला झाला तर तू फुकटचा अडकशील." तिन्ही घाव माझ्या हातचे आहेत. आतल्या पाकिटांची मोहोर शाबूत होती. चौघांनी तपासून सह्या केल्या. परीक्षा वेळेवर सुरू झाली.

वळून पाहते तर दारात हे उभे. घामाघूम, हातात किल्ली. म्हणाले, "अगं, जिना चढेपर्यंत तरी थांबायचंस!"

"मग काल घरीच द्यायची होती!"

"तू मागितलीस कुठे?"

"पत्र पाठवलं होतं की!"

"ते समन्वयकांचं होतं," हे म्हणाले. चौघे प्रतिनिधी खिडकीबाहेर बघायला लागले. मग हे किल्ली खिशात टाकून तडक या ठाण्यावर आले.

कुलूप मी फोडलं, हे मला मान्य आहे. पण साहेब, यांचं दुखणं काय आहे ते तुम्हालाही कळलंय. घाव घालताना मला काहीच वाटलं नाही. यांच्या हातातली किल्ली पाहिली आणि वाटलं, एकदा तोंडाने मागायला हवी होती. म्हणून आत्ता त्यांच्यासमोर तोंडाने सांगितलं, "अहो, पुढच्या वर्षी पेटीला तुमचं कुलूप हवंय. यायचं बरं का."

त्यावर तक्रारदार साहेबांना म्हणाले, "एवढं वाक्य जबाबात येऊ द्या आणि मला एक प्रत द्या. आमच्या विद्यापीठाच्या बैठकीत दाखवायचीय."

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला, सांगितला तसाच उतरला आहे. तक्रारदार बाहेर स्कूटर सुरू करून थांबले आहेत, म्हणून सही घाईत केली आहे.