जर्मन रेडिओ आणि रविवार

"हॅलो? …हॅलो! नांदेडहून? …द्या, द्या! कोण, काले? अगं जोरात बोल!"

१९३८च्या उन्हाळ्यातली संध्याकाळ. हिंगोलीच्या जिनिंग फॅक्टरीचे मॅनेजर विश्वंभरराव ऑफिसातल्या फोनवर एवढे ओरडत होते, की नांदेडच्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला, नानाला, तारेवाचूनही ऐकू गेलं असतं. आज सात वाजता त्यांची लेक सुधा हैदराबादच्या रेडिओवर गाणार होती, आयुष्यात पहिल्यांदा. ऑफिसाला लागूनच त्यांचं घर; पुढच्या अंगणात सतरंज्या पडल्या होत्या. मालक पुनमचंदशेठ खुर्चीत, डोंगरकडा गावचे तातेराव पंधरा माणसांसकट हजर. आवतण सगळ्यांना विश्वंभररावांचंच. खिडकीत नवा जर्मन रेडिओ, आणि सात वाजायला आठ मिनिटं कमी.

"काय? नानाचा रेडिओ जळाला? …आजच? …अगं, मी काय सांगून राहिलो होतो! मुंबईत कुणीतरी जुळवलेलं खोकं ते. माल कोणत्या मुलखात बनला हे आधी पाहावं माणसानं!"

"…रडतेस काहून? हो, हो… अगं ऐक ना! माझा रेडिओ इथंच आहे, हाताशी. सुधा गायला लागली की फोन त्याला लावतो. पोरीचा श्वाससुद्धा ऐकू येईल तुला. जर्मन आहे तो!"

"…नाना काय म्हणतो? मुलुख पाहून काही होत न्हाई? …माझं घड्याळ? ते बंद पडलं, कारण जपानी होतं. …स्विस? …स्विस होतं व्हय? …ते हातातून पडलं होतं गं, ते निराळं!"

बोलता बोलता त्यांनी रुबाबात रेडिओची खुंटी फिरवली. आवाज नाही. परत फिरवली. साधी खरखरसुद्धा नाही.

"…न्हाई, न्हाई, काही झालं न्हाई. गरम होऊन राहिला. जर्मन सेट जरा सावकाश उठतो."

अंगणातल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. विश्वंभररावांनी खुंटी पुन्हा पिळली. पोरीला गाणं शिकायला हैदराबादला धाडलं म्हणून याच लोकांची बोलणी त्यांनी वर्षभर खाल्ली होती. आणि वर्षभर त्यांनी स्वतः तरी तिचा आवाज कुठं ऐकला होता?

"काले… बोलतच न्हाई गं हा. …बॅटरी? कालच भरली. …छतावरची तार बराबर आहे. …हो, मागच्या रविवारीही गप्पच होता. मला वाटलं हैदराबादवाल्यांना सुटी असेल. …एकादशीला? …हो, एकादशीलाही! तुला कसं कळलं?"

"…जमिनीत पुरायची तार? तुळशीत पुरली. …काहून म्हणजे? कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, कायम ओल्या मातीत पुरा. तुळशीला रोज पाणी पडतं. तुझ्या नानासारखी मोरीच्या गटारात थोडीच पुरू? …आज? आज वार…"

आज रविवारच होता. रविवारी आणि एकादशीला तुळशीचा उपास. त्यांची बायको मनकर्णा त्या दिवशी वृंदावनात पाण्याचा थेंब पडू देत नसे. हिंगोलीच्या त्या उन्हात एका दिवसात माती भाजून निघायची, आणि रेडिओची तार त्या कोरड्या मातीत; ओल नसली की रेडिओ मुका.

"अगं पण तिला कोण सांगणार? …मी न्हाई, बाई! वीस वर्षांत तिनं नेम मोडला न्हाई. …अहो एक्स्चेंजवाले, तोडू नका! आणखी तीन मिनिटं द्या! मेहरबानी करा!"

मनकर्णा दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळली, घागर उचलली आणि मागच्या अंगणात गेली. आधी तुळशीला हात जोडले, कपाळ टेकवलं. मग घागर तिरपी केली.

"काले… पाणी घालून राहिली ती. …अख्खी घागर, काले!"

रेडिओ खरखरला. उर्दूत कोणीतरी काहीतरी सांगितलं, त्यात सुधाचं नाव आलं. मग तंबोरा लागला.

"बोलू नको आता… घे, ऐक!"

त्यांनी फोन रेडिओला टेकवला आणि गाणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. हाताला कळ लागली तरी बदलला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही. तिकडं मनकर्णा वृंदावनापाशी ओल्या मातीतच बसली होती. अंगणातून तातेरावांची वाहवा आली, तेव्हा विश्वंभररावांनी फोन कानाला लावला.

"ऐकलंस ना? …आपली सुधा गं! …काले? …हॅलो? हॅलो?"

लाइन कधीच तुटली होती. विश्वंभररावांनी मागं वळून पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. मग त्या मुक्या फोनला तोंड लावून ते हळूच म्हणाले,

"नानाला सांग, जर्मनीचं त्यात काही न्हाई. तुझ्या वहिनीनं ऐकवलं गाणं."

फोन ठेवून, डोळे कोरडे करून, छाती काढून ते अंगणात आले.

"काय शेठजी, म्हटलं न्हवतं? जर्मन माल आहे!"

मागच्या अंगणात मनकर्णेनं रिकामी घागर जरा जोरातच खाली ठेवली.