शंभराची घंटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखान्याचे मुख्य डॉक्टर नागोराव साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, आपल्या दवाखान्यात रक्त तपासणारे आणि आज निवृत्त होणारे भगवंतराव सावे, त्यांच्या जागी येणाऱ्या जमुनाताई, आणि बोईसर, तारापूर, पामहून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी आत्माराम चुरी, पामच्या शाळेतला मास्तर. भाषणाची मला सवय आहे. तरी आज अडखळलो तर सांभाळून घ्या. तो माइकचा दोष नाही. कारण ओघात येईलच.

सहा वर्षांपूर्वी, पंच्याऐंशी साली, माझी सुलू सहा वर्षांची होती. ताप हटेना, कुठे पडली-आपटली नसताना अंगावर काळेनिळे डाग. चेहरा पांढराफटक. तिची आई जयवंती रक्त वाढावं म्हणून दोन महिने तिला बीट आणि गूळ-शेंगदाणे भरवत होती. मग आम्ही भगवंतरावांकडे रक्त तपासायला दिलं. हे बाहेर आले आणि म्हणाले, “मास्तर, पेशी फार वाढल्यात. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना भेटा.”

मी काय ऐकलं? वाढल्यात! आपल्याकडे रक्त वाढलं म्हणजे आनंदच की नाही? डॉक्टर जेवायला गेले होते, म्हणून मी बाहेर जाऊन पेढे आणले आणि पहिला पेढा यांच्याच हातावर ठेवला. मास्तर माणूस, पण अक्कल गहाण! यांनी तो खाल्ला नाही. माझा हात धरून बाकावर बसवलं आणि म्हणाले, “हे ते वाढणं नव्हे.”

मग मला कळेल असं त्यांनी सांगितलं. रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होतं. तिथे अर्धवट, कोवळ्या पांढऱ्या पेशींचं रान माजलं, की शेतात तण माजून भात गुदमरावं तसं चांगलं रक्त गुदमरतं. हा रक्ताचा कॅन्सर. औषध आहे, पण ते तण जाळताना भातालाही भाजतं. म्हणून डोस द्यायचा तो रक्त मोजून.

घरी जयवंती विचारते, “पोरीचं रगात वाढलं ना? मंग तोंड असं का उतरलं तुमचं?” तिलाही मी तेच तण आणि भात सांगितलं.

मुंबईच्या इस्पितळात अडीच वर्षं गेली. कमरेच्या हाडातून मज्जा काढली, पाठीच्या कण्यात सुया टोचल्या, केस गेले. गावात कोणी आपली पोरं तिच्याजवळ बसू देईना. हा रोग लागत नाही हो! तेव्हा सांगून थकलो, आज माइकवर सांगतो. मुंबईचे डोस संपले, तरी रोग उलटू शकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी इथे रक्त.

भगवंतरावांचं एक यंत्र आहे. सूक्ष्मदर्शकात बघत प्रत्येक पेशीला एक बटण दाबायचं, शंभर झाल्या की टण्ण घंटी. मी बाहेर बाकावर मोजत बसतो. एक घंटी झाली आणि हे बाहेर आले, की सगळं ठीक. शंका आली, की पुन्हा शंभर. त्या पहिल्या दिवशी घंटी तीनदा वाजली होती. अहो, शाळेची घंटा वाजली तरी मी मोजू लागतो.

आज सकाळी सुलूचं रक्त दिलं. एक घंटी वाजली. मी उठून उभा राहिलो. दार उघडलं नाही. पुन्हा टक टक सुरू झालं. दुसरी घंटी. तेवढ्यात तुम्ही मंडळी हारतुरे घेऊन आलात आणि मागच्या दारानं यांना इकडे आणलंत. माझ्याशी कोण बोलणार?

अध्यक्ष महाराज, मला यांच्या छत्तीस वर्षांच्या सेवेवर बोलायला सांगितलंय. मी टिपणंही आणलीत. पण मला वाचता येत नाहीये. मला भीती वाटते. सुलू तिसऱ्या रांगेत बसलीये, तिला हे ठाऊक नाही... आता कळलं. भगवंतराव, रागावू नका, पण दुसरी घंटी का वाजली?

काय? मोठ्यानं बोला हो, मला ऐकू येत नाहीये.

जमुनाताईंनी मोजल्या?

मंडळी, हे म्हणतात, पहिल्या शंभर पेशी त्यांनी स्वतः मोजल्या, चोख निघाल्या. मग रक्ताच्या त्याच काचेवरच्या शंभर मोजायला जमुनाताईंना बसवलं. म्हणतात, “उद्यापासून मी नाय. सुलूचं रगात त्यांच्या वळखीचं व्हायला नको?” दोघांचा आकडा जुळला.

क्षमा करा. थोडं पाणी द्या.

भगवंतराव, त्या दिवशीचा पेढा तुमचा राहिलाय. आज आणलाय, नाही म्हणू नका. जमुनाताई, तीन महिन्यांनी आम्ही येतोच आहोत. मी बाहेर त्याच बाकावर असेन. एका घंटीत दार उघडलंत तर उपकार होतील.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. सत्कारमूर्तींना भर सभेत जाब विचारला, रीत सोडली, ते बापाचं भित्रेपण समजून पोटात घाला. सुलू, वर ये बाळ, काकांना नमस्कार कर.