नावाआधीची कोरी जागा

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले मुख्य संपादक घैसासकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि माझं कधी आटपतंय याची वाट बघणाऱ्या कोशकार्यालयातल्या सहकाऱ्यांनो,

मी इंदुमती खांबेटे. चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलंय. पण खरं सांगते, वीस वर्षं मला या माणसाचा संशय होता.

मी इथे लागले तेव्हा माझे यजमान मस्कतला जाऊन तीन वर्षं झाली होती. पत्र नाही, फोन नाही. पहिल्याच आठवड्यात काकांनी माझ्यापुढे संस्कृत शब्दांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. सगळ्यात वर काय? प्रोषितभर्तृका, नवरा परगावी गेलेली बाई. त्याखाली परित्यक्ता, नवऱ्याने टाकलेली. आता मला सांगा, लाखभर चिठ्ठ्यांतून नेमक्या ह्याच?

"मुद्दाम दिल्यात का?" मी विचारलं.

"सध्या 'प' चालू आहे, बाई," मान वर न करता म्हणाले. माझा काही विश्वास बसला नाही.

मग वार्षिक समारंभाच्या पत्रिका. सौ. देवस्थळी, कु. राजोपाध्ये, श्रीमती आठल्ये. मी मात्र नुसतीच इंदुमती खांबेटे. लोक वाचायचे आणि हळूच माझ्या गळ्याकडे बघायचे. मला वाटायचं, हा ह्यांचाच उद्योग. आणि तो ह्यांचाच होता.

परवा त्यांचं कपाट ताब्यात घेताना पत्रिकांची जुनी प्रुफं सापडली. दर वर्षी कुणीतरी मला काहीतरी लावलेलं: बहुतेकदा 'सौ.', दोनदा 'श्रीमती', एकदा तर चक्क 'गं. भा.'. सगळं लाल पेनाने खोडलेलं. बाजूला काकांचं अक्षर: "बाईंनी सांगितलेलं नाही. आपण ठरवू नये."

मी तशीच त्यांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "मला एकदा विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं," म्हणाले.

काकू, तुम्ही हसताय. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं तर.

आजची पत्रिका काकांच्या हाताखालून गेलेली नाही. उघडून बघा, तिच्यात मी 'सौ.' आहे. सचिवसाहेब, कुणाला विचारलंत?

असो. आबासाहेबांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. काही कमीजास्त बोलले असेन तर सभेने पोटात घालावं. माझ्या संशयाची माफी मात्र, काका, मी तुमच्याकडेच मागते. आणि जाताना ते लाल पेन माझ्याकडे देऊन जा.