आठ बेरजेची मोटारसायकल

डिंडोलीच्या गॅरेजसमोर पंक्चर निघण्याची वाट पाहत बसलेल्या प्रज्ञाबाईंना शेजारच्या जोडप्याचे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

"उद्या तुझ्या नोकरीचा पहिला दिवस, उज्ज्वला. कामरेजला याच गाडीने सोडतो."

"अहो, नंबराची बेरीज आठ येते. आठ म्हणजे शनी."

"म्हणून तर जुनी गाडी एवढी स्वस्त मिळाली! शिवाय शनिवारी मी शांतीही केली."

"तेव्हापासून तर ब्रेकच लागत नाही."

मेकॅनिक हिलालभाऊंनी पुढच्या चाकावरून बोट फिरवले आणि त्याचा वास घेतला.

"शेठ, शांती कशी केली?"

"चाकावर वाटीभर तेल वाहिलं."

"ब्रेकच्या डिस्कवरही?"

"सगळीकडे. अगदी भक्तिभावाने."

उज्ज्वला प्रज्ञाबाईंकडे वळली.

"ताई, कामरेजची पहिली बस किती वाजता असते?"