एका सकाळी आठ दारं

हॅलो? … हॅलो, ताई! … काय? अगं, रंध्याचा आवाज आहे तो. सुतारकाका जिन्यातच बसलेत. थांब, गॅलरीत येते… हां, बोल. नाही, आधी मीच बोलते!

अगं, काल मी भाडेकरूंच्या बैठकीत उभी राहून बोलले. मी! … हसतेस काय? हो, तीच मी, हजेरीलासुद्धा नुसती मान हलवणारी. मालकांच्या तोंडावर म्हटलं, 'सगळ्यांची दारं अडकतायत, मग प्रत्येकानं वेगळा सुतार कशाला? मी यादी करते, एकदमच रंधा मारून घेऊ.' … टाळ्या पडल्या! मालक म्हणाले, पोरगी नाव काढणार. सकाळपासून आठ दारं झाली, ताई. आठ!

… आपलं तर पहिलंच. नऊ वाजता. … हो, गेल्या आठवड्यापासूनच अडकतंय. आजोबा म्हणतात, लाकूड फुगलंय. … ओहो! चार महिने नाही झाले बांधकामाच्या साइटवर नोकरीला लागून, तर पिवळी टोपी डोक्यात गेली वाटतं! … बरं बाई, विचार.

… कुठली आठ? थांब, यादी खिशातच आहे. तळमजल्यावरची दोन, आपलं, मागच्यांचं… अरेच्चा. सगळी खड्ड्याच्या बाजूची. रस्त्याकडचं एकही नाही. … खड्डा म्हणजे, शेजारी दुकानांची मोठी इमारत येतेय ना? खाली गाड्या लावायला दोन मजले. तू गेलीस तेव्हा नुसतं गवत होतं. आता इथून वाकून बघायचं तर कठडा धरावा लागतो.

… आहे ना पाणी. दोन पंप लावलेत, रात्रंदिवस उपसतात. … गढूळ. चहासारखं. … माती जाते तर जाऊ दे की, त्यांचीच आहे… आपल्या खालची?

ताई? … हॅलो? दारापाशी जाऊ? असं घाबरवू नको ना.

… हो, आले दारापाशी. … वरच्या कोपऱ्यात भिंतीला भेग आहे. जुनीच गं ती… तिरकी. तिरकी म्हणजे बरी की वाईट? … घालून बघते. नख जातंय… नाही, थांब. पेरभर बोट गेलं. ताई, सकाळी पेन्सिलीच्या रेघेएवढी होती!

… लावते. … लागत नाहीये. दार लागत नाहीये! सकाळी एका बोटानं लागत होतं, मी सगळ्यांना लावून दाखवलं…

… नाही रडत. सांग. … गॅस बंद. हो. … आई कामावर. … आजोबांना आधी, हो.

आजोबा, उठा! … ताई म्हणते, खाली. आत्ता. … चष्मा डोळ्यावरच आहे तुमच्या! … अगं, त्यांना रेडिओ हवाय. … आजोबा, ताई विचारते, रेडिओ हवा की नात? … निघाले. हात धरलाय मी.

सगळे बाहेर या! इमारत सोडा! … अगं, हसतायत. मालक म्हणतात, 'पुढारीणबाईंचं आज काय नवीन?' … कसं सांगू?

मालक, भाषण नाही हे! लाकूड फुगलेलं नाही, घर खचतंय! रोग रेड्याला नि औषध पखालीला चाललंय आपलं! काल मी चुकले. माझं ऐकून तुम्हीही चुकलात. सुतारकाका, जा, बघून या. सकाळचं एक तरी दार आता लागतंय का?

… गेलेत बघायला. थांबलेय. … आले. ताई, धावत आले. हत्यारांची पेटी तिथंच टाकून आले!

… हो, हो, उतरतायत आता सगळे. मालकसुद्धा, अनवाणी. … आम्ही पलीकडच्या फुटपाथवर आहोत. आजोबांना पायरीवर बसवलं. … मोजते… तळमजला आहे, मागचे आहेत…

शिवणकाकू नाहीत.

… अगं, तिसऱ्या मजल्यावरच्या. मशीन चालू असलं की त्यांना कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. … लावला फोन सुतारकाकांनी, उचलत नाहीत. … आगीचा बंब निघालाय म्हणे. वीस मिनिटं. … हाका मारतायत ना सगळे! पंपांच्या आवाजात काय ऐकू जाणार?

… ताई, ऐक. बैठकीत त्या म्हणाल्या होत्या, भिंतीतून कटकट आवाज येतात, भावाकडे जाऊन राहते मी. मीच म्हटलं, 'काकू, दार नीट झालं ना, की काही वाटणार नाही.' … त्या थांबल्या. माझ्यामुळे थांबल्या.

… माहितीय तू मोठी आहेस. पण इथं मी आहे.

… सुतारकाका येतायत माझ्याबरोबर वर. … ओरडू नकोस गं, आजोबांना ऐकू जाईल. फोन त्यांच्याकडे देते. तू बोलत राहा. काहीही बोल, पण त्यांना जिन्याकडे बघू देऊ नकोस.

आजोबा, हे घ्या. ताई आहे.