घोडी, दाजी आणि लायसन

...नाही, पण मला सांगा, माणसाचा जबडा मोडलाय, हनुवटी डाव्या कानाची चौकशी करायला निघालीय, घसा सुजून श्वास किटलीसारखा शिटी मारतोय, अशा वेळी माणूस काय मागतो? पाणी? डॉक्टर? छ्या! डाव्या हातानं, कारण उजव्यावर घोडीनं पाय दिलेला, सांडलेल्या पिठात बोटानं लिहितो, 'लायसन कुठंय?'

हे आमचे एसेनकुल दाजी! ताईचा नवरा. किर्गिझस्तानात सोनकुल तळ्याच्या वरच्या कुरणावर तीस उन्हाळे काढलेत, आणि तंबूत ट्रकच्या बॅटरीवर हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा, जगभर बोलायचा, पण सरकारी लायसन असेल तरच! हात लावायची सोय नाही! एकदा ताईनं त्यावरून फडकं फिरवलं तर म्हणाले, "लायसन कुठंय?" फडक्याचं!!

तर त्या दिवशी ताई घोडीचं दूध काढतेय, दाजी शिंगरू धरून उभे, आणि घोडीला रेडिओचे नियम समजावतायत. घोडीनं सगळं ऐकून घेतलं हो... मग मारली.

आता काय करायचं? खिंडीत दरड कोसळलेली, मोबाइलची रेंज खिंडीपलीकडे, दाजींना घोड्यावर बसवावं तर श्वासच अडकतो. ताई रडतेय, "बोलोत, कर रे काहीतरी!" बोलोत म्हणजे मी. मी रेडिओचं बटण दाबलं. मागून दाजी पिठात लिहितायत.

"वाचवा! सोनकुलहून बोलतोय! माणूस मरतोय!"

तुम्हाला सांगतो, अख्खं जग धावून आलं... कशाला? ही हॅमवाली मंडळी म्हणजे, पोरं तिकिटं जमवतात तसे देश जमवतात! एक जपानी म्हणतो, "कॉल साइन?" म्हणजे लायसनवरचा नंबर सांग. एक इटालियन आनंदानं ओरडतोय, "किर्गिझस्तान! फाइव्ह नाइन! कार्ड पाठवा!" फाइव्ह नाइन म्हणजे आवाज झकास, आणि कार्ड म्हणजे बोलणं झाल्याचा पुरावा. माणूस मरतोय, पण आवाज झकास!

मग आला आपला माणूस, खिंडीपलीकडच्या कोचकोरचे एक म्हातारबाबा. म्हटलं सुटलो.

"सलाम बाळा! जनावरं धष्टपुष्ट?"

"हो बाबा, आमच्या दाजींना—"

"पोरंबाळं बरी?"

"बरी. पण दाजींना—"

"गवत कसंय यंदा?"

थोरल्या माणसाचं विचारून होईपर्यंत मधे तोंड घालायचं नाही, आमच्यात सात पिढ्या नावं ठेवतात! वर आपणही विचारायचं. विचारलं! त्यांच्या मेंढ्या, सुना, दोन्ही गुडघे... सगळं विचारलं! मागं दाजींची किटली उकळतेय.

"बाबा, दाजींना घोडीनं लाथ मारली हो! मरतायत!"

बाबा हळहळले.

"अरेरे... घोडी बरी आहे ना?"

"बरी आहे! पण बाबा, माझ्याकडे लायसन नाही."

"जीव जात असताना लायसन कुणी विचारतं का रे?"

मी मागं पाहिलं. दाजींनी डावा हात वर केला.

असो. बाबांनी फोन फिरवले, तासाभरात हेलिकॉप्टर आलं, दवाखान्यात जबडा तारांनी बांधला, दाजी वाचले. आणि तोंड बंद असताना डाव्या हातानं पहिलं पत्र कुणाला लिहिलं? रेडिओ खात्याला. माझी तक्रार!

साहेब आले. घोडीच्या दुधाची आंबट किमिझ तीन वाडगे प्याले आणि म्हणाले, "जीव वाचवायला बोललास, गुन्हा नाही. एसेनकुलकाका, तुमचं लायसन बघू?"

दाजींनी पेटीतून असं काढलं, जणू पणजोबांची तलवार! साहेबांनी उलटून पाहिलं. "काका, हे चार वर्षांपूर्वीच संपलंय."

मग ताईनं घाबरून घरातले असतील नसतील ते सगळे कागद पुढे टाकले. त्यातला ताजा, शिक्क्यासकट, एकच निघाला. घोडीचा. लस टोचल्याचा.

मग काय, मी आणि दाजी एकाच बाकावर, लायसनच्या परीक्षेला! पहिला प्रश्न, 'आणीबाणीत संदेश कसा द्यावा?' मी लिहिलं, 'आधी जनावरांची चौकशी करावी.' शेजारी शिटी ऐकू आली. बघतो तर दाजी माझं उत्तर उतरवून घेतायत! मी पेपर झाकला. हळूच म्हटलं, "लायसन कुठंय?"

...मग सरकवला हो थोडा. काय करता, ताईचा नवरा!

दोघंही नापास.

आता पुढच्या उन्हाळ्यात कुरणावर काही झालं, तर रेडिओवर घोडीलाच बसवावं लागणार. तिचे कागद चोख आहेत.