बोरखिंडीतली तहान

ऐका. पोरांनो, शेकोटीजवळ सरका, पण लवंडू नका. अर्ध्यात घोरणाऱ्याला मी गोष्ट सांगत न्हाई.

बोरखिंडीचा घाट ठावं हाय न्हवं? आता नवा रस्ता झालाय, तरी काही शहाणे जवळ पडतं म्हनून अजून तिकडनंच जात्यात. त्यांच्यासाठीच सांगतोय.

लिंबाजी व्हता, आपल्याच शिवारातला. त्याच्याकडं एक जुना डिझेल ट्रक, बोनेट दोरीनं बांधलेला. त्याची बायको कौसा. दुपारपासनं तिला जुलाब अन् उलट्या. दिवेलागणीला डोळे पार खोल गेले. लिंबाजीनं तिला उचलली, केबिनमधी आडवी टाकली, पायापाशी पाण्याचा क्यान ठेवला अन् तालुक्याच्या दवाखान्याला निघाला. अंधार पडल्यावर! बोरखिंडीतनं! पण करतो काय, सांगा?

घाटाच्या पायथ्याला खडीचा एक ढीग हाय. दुष्काळात रस्ता बांधताना खडी फोडणारी एक बाई तिथं पाणी पाणी करत मेली. मुकादम म्हनला व्हता, आधी ढीग पुरा कर. तवापासनं हरेक ड्रायव्हर तिथं थांबून तांब्याभर पाणी वततो. लिंबाजीबी वतायचा. त्या राती न्हाई थांबला. गाडीच्या रेडिएटरात पाणी टिकत नव्हतं, अन् क्यान येवढासा. चालत्या गाडीतनंच हात जोडले. "माफ कर आई, आज माझंच भागंना."

झालं! तिथंच चुकलं.

पहिल्या वळणावर इंजिनच्या गरमीचा काटा लालमधी. उतरला. वाईच थांबून, पोत्यानं धरून रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी पार तळाला! बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. होज पाइप कोरडा. पंप कोरडा. जाळी कोरडी. रस्त्यावर एक थेंब न्हाई. आता मला सांगा, पाणी कमी होतंय, मग पडतंय कुठं?

भरलं, निघाला. जरा वर गेला न्हाई तर पुन्हा काटा लाल. आता सायलेन्सरमधनं पांढराफेक धूर. ऑइलची पट्टी वढून बघितली, ऑइल दुधाच्या चहागत झालेलं. रेडिएटर भरून इंजिन चालू ठेवलं, तर त्यात बुडबुडे. लिंबाजी मुरलेला गडी, त्याला कळलं. हेड गॅस्केट गेलंय. पाणी भाईर गळतच न्हाई, इंजिन आतल्या आत पितंय. ह्याला वाटंत इलाज न्हाई. तरी त्यानं हत्याराच्या पेटीतली हळद काढून रेडिएटरात टाकली. जाळीला बारीक भोक असलं तर हळदीनं बुजतं, ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय हाय त्यो. पण गॅस्केटला हळद काय करनार, कपाळ! त्यालाबी ठावं व्हतं. पण नुसतं बसवंना त्याला.

अन् बुडबुडे ऐकता ऐकता त्याला घोट ऐकू आले. गट्, गट्, गट्. कोनतरी पितंय!

पांढऱ्या धुरातनं हाक आली, "लिंबा, पानी दे रं." त्याच्या आईचा आवाज. आई जाऊन वरसं झालेली! लिंबाजीनं झाकण लावलं अन् केबिनमधी उडी मारली. वरच्या वळणावर दुसरी हाक. ज्यानं त्याला ट्रक शिकवला त्या मेलेल्या उस्तादाची. "लिंब्या, घोटभर दे की." टपावर खडी फोडल्यागत ठक, ठक, ठक. आरशात बघतो तर मागं फाळक्यावर बाई बसलेली. तोंड वर, आ वासलेला!

त्यानं मनाशी गाठ मारली. आता कुनाचाबी आवाज येऊ दे, पाणी द्यायचं न्हाई.

माथा जवळ आला अन् काटा पुन्हा लाल. क्यानात तळाला उरलेलं पाणी. त्यो क्यान घेऊन उतरतोय, तवर मागनं आवाज आला, "अवं, पाणी द्या की. घसा सुकलाय."

कौसाचा आवाज.

लिंबाजीनं मागं वळूनसुदिक बघितलं न्हाई. "सटवे, आता हिचाबी आवाज काढतीस व्हय?"

"अवं, मीच हाय."

"गप!" म्हनला, अन् सगळं पाणी रेडिएटरात वतलं. पार शेवटच्या थेंबापर्यंत.

इंजिननं माथा गाठला अन् खाडकन जाम झालं. पण उतार लागला व्हता. न्यूट्रल टाकला. गाडी सुटली! ब्रेक दाबतोय, ब्रेक लागंना! खिडकीतनं एक गार हात आत आला अन् स्टिअरिंग दरीकडं वढाया लागला. ह्यो इकडं वढतोय, ती तिकडं वढतीय. शेवटी गाडी घाटाखालच्या मळ्याच्या बांधाला घासत घासत थांबली. हात गेला. लिंबाजी वाचला! मळ्यातली मानसं धावली, दोघांना बैलगाडीत घातलं, दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टरनं कौसाची पापणी उघडून बघितली. हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी ऱ्हायली.

"गेल्या या. अंगातलं सगळं पाणी संपलं होतं. घोट घोट पाजत आणायचं हो. जवळ पाणी नव्हतं का?"

लिंबाजीनं येवढंच इचारलं, "कवा गेली?"

"थोडाच वेळ झालाय. घाटातून आलात ना, माथ्यावर शुद्धीवर असणार."

मग लिंबाजी तिथंच फरशीवर बसला. रडला न्हाई. त्याला उठवाया चार मानसं लागली.

म्हनून सांगतो, बोरखिंडीतनं जाऊ नका. भुतानं धरलं तर मानूस सुटतो, लिंबाजी सुटलाच की. पण त्या वाटंला आपल्या मानसाची हाक वळखू येत न्हाई. दिवसाबी जाऊ नका.